मुका कागद आणि बोलका फोन : वाहनपरवान्याच्या सव्वाशे वर्षांची गोष्ट

१/ ७ डिसेंबर १९५०. उत्तर लंडनमधील फिंचली. बॅलर्ड्स लेन या रस्त्यावर हॅरल्ड मकल नावाच्या पोलीस शिपायाने भरधाव जाणारी एक मोटार थांबवली. मोटार चालवत होते क्लॅरेन्स हेन्री विलकॉक. वय ५४, ड्रायक्लीनिंगच्या एका व्यवसायात व्यवस्थापक. आरोप होता वेगमर्यादा मोडल्याचा. शिपायाने मात्र त्यांच्याकडे राष्ट्रीय ओळखपत्र मागितले. विलकॉक यांनी ते दाखवण्यास साफ नकार दिला. #थ्रेड #इतिहास

२/ या नकारानंतर चौदा महिन्यांनी ब्रिटनमधील ओळखपत्राची सक्ती संपुष्टात आली. आज सिग्नलवर थांबवलेला तरुण पाकिटात हात घालत नाही, फोन काढतो. त्याचा परवाना त्या फोनमध्येच असतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु रस्त्यात थांबवलेला माणूस, त्याच्या हातातील दस्तऐवज आणि तो मागणारा अधिकारी या तिघांच्या नात्याचा इतिहास पाहिला, म्हणजे या सोयीबरोबर काय हातचे निसटू शकते हेही ध्यानात येते.

३/ ‘परवाना’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, ‘दस्तक’ही तसाच. पेशवाईत प्रवासासाठी आणि मालाच्या वाहतुकीसाठी दस्तक दिले जाई. वाटेतील चौकीवर ते दाखवावे आणि पुढे जावे, अशी रीत. या कागदाचा एक गुण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो चौकीवरच्या माणसाला वाटसरूची ओळख सांगे; परंतु वाटसरू कोणत्या चौकीवर, कोणत्या प्रहरी थांबला याची खबर तो आपणहून सरकारला देत नसे. दाखवून झाला की तो मुका होई.

४/ मोटार आल्यावर हाच कागद नव्या रूपात अवतरला. १८८८ मध्ये कार्ल बेंझ यांना आपली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी बाडेनच्या सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागली. १८९३ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी वाहनांसाठी नियम घालून दिले. १९०३ हे वर्ष तर निर्णायक ठरले : त्या एकाच वर्षात ब्रिटनने मोटार कायदा संमत केला, प्रशियाने चालकांची परीक्षा सक्तीची केली आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स व मिसुरी या राज्यांनी चालकांसाठी परवाना आवश्यक केला.

५/ ब्रिटनचा १९०३ चा कायदा मोठा बोलका आहे. पाच शिलिंग भरावेत, परवाना घ्यावा; गाडी चालवता येते की नाही, हे कोणी विचारत नसे! चालकांची सक्तीची परीक्षा तेथे १९३५ मध्ये आली. मग परवाना कशासाठी? गुन्हा घडल्यास चालक कोण हे कळावे आणि शिक्षेचा शेरा त्याच्या नावावर चढवता यावा, यासाठी. त्याच कायद्याने गाड्यांना नोंदणी क्रमांकाची पाटी सक्तीची केली. कौशल्याचा दाखला म्हणून आज ओळखला जाणारा हा कागद आरंभी ओळख आणि नोंद यांचेच साधन होता.

६/ भारतात मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा आणि आज लागू असलेला १९८८ चा. या शेवटच्या कायद्याचे कलम १३० सांगते, की गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास सार्वजनिक जागी वाहन चालवणाऱ्याने आपला परवाना तपासणीसाठी सादर करावा. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात : एक, चालकाच्या खिशातील कागद, दुसरी, त्या कागदामागे सरकारी कचेरीत असलेले दफ्तर. पुढची सारी गोष्ट या दोहोंमधील अंतराची आहे.

७/ आता पुन्हा विलकॉक यांच्याकडे. त्यांच्याकडे मागितलेले ओळखपत्र युद्धाचे अपत्य होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि ५ सप्टेंबरला राष्ट्रीय नोंदणी कायदा संमत झाला. २९ सप्टेंबर ही नोंदणीची तारीख ठरली. सुमारे ६५,००० प्रगणक घरोघर गेले आणि प्रत्येक व्यक्तीला नाव, पत्ता व क्रमांक असलेले घडीचे पुठ्ठ्याचे कार्ड मिळाले. सर्वसाधारण कार्डावर छायाचित्रही नव्हते.

८/ या कार्डाचे उद्देश मोजके सांगितले गेले होते : सैन्यभरती, राष्ट्रीय सुरक्षा आणि शिधावाटप. बॉम्बवर्षावाच्या काळात लोकांनी ते विनातक्रार बाळगले. शिधापुस्तिका मिळवायची तर नोंदणी हवीच. त्यामुळे टाळाटाळ करण्यात कोणाचाच फायदा नव्हता. १९४५ मध्ये युद्ध संपले. कार्ड मात्र संपले नाही. १९५० पर्यंत या नोंदींचा वापर करणाऱ्या सरकारी यंत्रणांची संख्या ३९ वर पोहोचली होती. तीन कामांसाठी घडवलेले साधन हाताशी होते, म्हणून प्रत्येकाने ते वापरले.

९/ पोलिसांनीही वापरले. रस्त्यात मोटार थांबवली, की वाहनपरवान्याबरोबर ओळखपत्र मागणे हा लंडनच्या पोलिसांचा परिपाठ झाला होता. त्यामागे कोणताही कट नव्हता. नोंदवहीत नाव-पत्ता अचूक उतरवणे सोपे जाई, इतकेच. विलकॉक यांनी नेमक्या याच परिपाठाला हरकत घेतली. आपण लिबरल आहोत आणि असल्या गोष्टींना आपला विरोध आहे, असे त्यांनी शिपायाला सांगितले. दोन दिवसांत कोणत्याही पोलीस ठाण्यावर ओळखपत्र दाखवावे, अशी लेखी सूचना मिळाली. तीही त्यांनी मानली नाही.

१०/ खटला हॉर्न्सीच्या दंडाधिकाऱ्यांपुढे चालला. वेगाबद्दल ३० शिलिंग दंड झाला. ओळखपत्राच्या बाबतीत त्यांना दोषी धरले गेले, पण कोणतीही शिक्षा न देता सोडून देण्यात आले. प्रकरण तेथे मिटू शकले असते. विलकॉक मात्र अपिलात गेले. प्रश्नाचे महत्त्व ओळखून सात न्यायाधीशांचे पीठ बसले. अध्यक्षस्थानी होते सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड, जे उदारमतासाठी नव्हे तर कठोर शिक्षांसाठी ख्यातनाम होते.

११/ २६ जून १९५१ रोजी निकाल लागला. विलकॉक हरले. युद्धकालीन कायदा रीतसर मागे घेतलेला नसल्यामुळे तो अंमलात आहे, असे न्यायालयाने ठरवले. परंतु गॉडर्ड यांनी पोलिसांना खडे बोल सुनावले. हा कायदा सुरक्षेसाठी केला होता. क्षुल्लक कारणासाठी थांबवलेल्या प्रत्येक चालकाकडे ओळखपत्र मागण्यासाठी नव्हे. अशा वापराने कायदा पाळणारी माणसे कायदा मोडणारी ठरतात आणि पोलिसांविषयी कटुता वाढते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हरलेल्या विलकॉक यांच्यावर खर्चाचा बोजाही टाकला गेला नाही.

१२/ त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सत्तांतर झाले आणि विन्स्टन चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी आरोग्यमंत्री हॅरी क्रुकशँक यांनी संसदेत जाहीर केले, की यापुढे ओळखपत्र बाळगण्याची वा दाखवण्याची गरज नाही. ब्रिटिश खिशातून कार्ड गेले. ही कथा सहसा येथेच, विजयाच्या सुरात संपवली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र आणखी एक पान उलटावे.

१३/ कार्ड गेले, पण दफ्तर राहिले! १९३९ ची नोंदवही १९४८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने आपल्या कामासाठी घेतली होती. युद्धकाळातील ओळखक्रमांकच पुढे रुग्णांचे आरोग्यक्रमांक झाले आणि ती नोंदवही कित्येक दशके अद्ययावत ठेवली गेली. रुग्णांना त्याचा लाभच झाला. मुद्दा एवढाच, की हातातील कागद नाहीसा करणे सोपे असते. त्यामागील नोंद सहसा नाहीशी होत नाही. ती नवे काम शोधते.

१४/ दफ्तराचे नवे काम नेहमीच निरुपद्रवी नसते. त्याचे विदारक उदाहरण अमेरिकेत घडले. १८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रेबेका शेफर या २१ वर्षांच्या अभिनेत्रीची तिच्याच घराच्या दारात गोळी घालून हत्या झाली. मारेकरी तिचा पाठलाग करणारा एक चाहता होता. त्याने तिचा पत्ता एका खासगी गुप्तहेरामार्फत मिळवला आणि गुप्तहेराला तो कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाच्या नोंदींतून मिळाला. कोणी काही चोरले नव्हते. त्या काळी अशी माहिती शुल्क भरून मिळत असे.

१५/ या हत्येने अमेरिकेला धक्का बसला. वाहनपरवाना घेताना प्रत्येक नागरिक आपला पत्ता सरकारला सांगतो, तो गाडी चालवता यावी म्हणून. तोच पत्ता कोणा तिऱ्हाइताच्या हाती पडावा, याला त्याने कधी संमती दिली होती? १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने वाहनचालकांच्या खासगीपणाच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. काही राज्यांनी त्याला आव्हान दिले; १२ जानेवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने वैध ठरवला.

१६/ तोवर परवाना यंत्राला वाचता येऊ लागला होता. कार्डाच्या मागील बाजूस बारकोड आला आणि त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग अशी माहिती साठवली जाऊ लागली. अमेरिकेत मद्य विकत घेण्यासाठी वय २१ पूर्ण लागते. दारातील माणूस पूर्वी कार्डावर नजर टाकून ते परत देई. आता तो ते यंत्राखाली धरू लागला. नजर विसरते, यंत्र विसरत नाही. वयाची खात्री करताना ग्राहकाचा पत्ताही दुकानदाराच्या संगणकात जाण्याची वाट मोकळी झाली.

१७/ छायाचित्रांचेही तेच. चालक तोच आहे की नाही हे शिपायाला पाहता यावे, म्हणून परवान्यावर छायाचित्र आले. पुढे चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली आली आणि परवान्यांची दफ्तरे ही चेहऱ्यांची भांडारे ठरली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्ये दाखवून दिले, की एफबीआय ही तपाससंस्था १६ राज्यांतील वाहनपरवान्यांच्या छायाचित्रांत शोध घेऊ शकत होती. त्यांतील बहुसंख्य माणसांचा कोणत्याही गुन्ह्याशी संबंध नव्हता. त्यांनी केवळ गाडी चालवण्याची परवानगी मागितली होती.

१८/ म्हणजे कागदी परवान्याचा काळ सुवर्णयुग होता, असे नव्हे. दफ्तर तेव्हाही गळत होते. तरीही कागदाने दोन संरक्षणे दिली होती, आणि तीही कोणी न मागता. पहिले : परवाना दाखवताना माणूस केवळ परवानाच दाखवत असे. दुसरे : तो कोणाला दाखवला, हे कागद कोणाला सांगत नसे. ही संरक्षणे कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. ती कागद या वस्तूच्या स्वभावातच होती. परवाना फोनमध्ये गेला आणि दोन्ही एकदम प्रश्नांकित झाली.

१९/ पहिल्या संरक्षणाची कसोटी एका रस्त्यावरच लागली. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे डेव्हिड रायली या तरुणाची गाडी नोंदणीची मुदत संपल्यामुळे थांबवण्यात आली. त्याचा परवाना निलंबित असल्याचे आढळले, गाडी जप्त झाली आणि तिच्यात शस्त्रे सापडली. त्याला अटक झाली. पोलिसांनी त्याचा फोनही उघडला. त्यातील छायाचित्रे आणि चित्रफिती त्याच्याविरुद्ध एका गोळीबाराच्या खटल्यात पुरावा झाल्या. फोन उघडण्यासाठी वॉरंट घेतलेले नव्हते.

२०/ अटक केलेल्या माणसाचे खिसे पोलिसांना वॉरंटवाचून तपासता येतात, हा जुना नियम. मग खिशातील फोन का नाही? २५ जून २०१४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उत्तर दिले : वॉरंट हवेच. फोन ही खिशातील सिगारेटच्या पाकिटासारखी वस्तू नाही. त्यात माणसाचा पत्रव्यवहार, छायाचित्रे, आजारपण, पैसा आणि फिरस्ती सामावलेली असते. घराची झडती घेऊनही इतके हाती लागणार नाही, असा न्यायालयाच्या विवेचनाचा रोख होता.

२१/ या निकालात एक फट मात्र उरते. माणसाने स्वतःहून संमती दिली, तर वॉरंटाची गरज नसते. आता परवाना फोनमध्ये आहे, पोलिसाने मागितला, चालकाने फोन उघडून त्याच्या हाती दिला. ही परवाना दाखवण्याची संमती झाली, की फोन पाहण्याची? रात्रीच्या वेळी, निर्जन रस्त्यावर, गणवेशापुढे उभा असलेला माणूस या दोहोंतील भेद शब्दांत सांगू शकेल, अशी अपेक्षा कायद्याने ठेवू नये.

२२/ लुइझियाना राज्याने हे आधीच ओळखले. २०१८ मध्ये तेथे डिजिटल परवान्याचे अ‍ॅप सुरू झाले. पण त्यासाठीचा कायदा २०१६ मध्येच झाला होता. त्यात स्पष्ट लिहिले आहे, की डिजिटल परवाना दाखवणे म्हणजे फोनमधील अन्य माहिती पाहण्याची वा शोधण्याची संमती नव्हे. आणि खातरजमा होताच अधिकाऱ्याने फोन तत्काळ परत द्यावा. कागदाला अशा वाक्याची कधीच गरज पडली नव्हती. जे कागदाच्या स्वभावात होते, ते आता कलमात लिहावे लागले.

२३/ तंत्रज्ञानानेही एक उत्तर शोधले. सप्टेंबर २०२१ मध्ये मोबाइलमधील परवान्यासाठी ‘आयएसओ १८०१३-५’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्यानुसार फोन कोणाच्या हाती देण्याची गरजच नाही. क्यूआर कोड वा स्पर्शाने जोडणी होते आणि ब्लूटूथसारख्या मार्गाने तपासणीच्या यंत्राला हवी तेवढीच माहिती जाते. मद्याच्या दुकानात केवळ ‘२१ वर्षे पूर्ण : होय’ एवढेच सांगता येते. नाव नाही, पत्ता नाही, जन्मतारीखही नाही. या बाबतीत फोन हा कागदापेक्षा अधिक अदबशीर ठरू शकतो, हे मान्य करायला हवे.

२४/ दुसरे संरक्षण अधिक नाजूक आहे. दाखवलेला परवाना खरा, हे कसे ठरवायचे? येथे मराठी कागदपत्रांची आठवण उपयोगी पडते. जुन्या सरकारी पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ अशी मुद्रा उमटलेली असे. मुद्रा ओळखली, की पत्र खरे. त्यासाठी पुण्याला विचारणा करावी लागत नसे. डिजिटल स्वाक्षरी ही अशीच मुद्रा आहे. तपासणीचे यंत्र ती जागच्या जागी पडताळू शकते आणि परवाना देणाऱ्या कचेरीला त्याचा पत्ताही लागत नाही.

२५/ दुसरी रीतही आहे. प्रत्येक वेळी कचेरीकडे जासूद धाडायचा आणि विचारायचे, ‘हा माणूस खरा का?’ आजच्या भाषेत, तपासणीचे यंत्र थेट सरकारी सर्व्हरकडून माहिती मागवते. उत्तर ताजे मिळते, निलंबित परवानाही कळतो. परंतु प्रत्येक विचारणेबरोबर कचेरीला समजते, की अमुक माणूस अमुक वेळी अमुक ठिकाणी आपली ओळख दाखवत होता : बँकेत, दवाखान्यात, मद्यालयात, सभेच्या दारात. मानकाच्या रचनेत दोन्ही रीतींना वाव आहे. कोणती निवडायची, हे तंत्रज्ञ एकटे ठरवत नाहीत. ते राज्यकर्ते ठरवतात.

२६/ अमेरिकी नागरी स्वातंत्र्य संघटना अर्थात एसीएलयूने २०२१ च्या आपल्या अहवालात हीच भीती मांडली. त्यात आणखी एक इशारा होता : ओळख दाखवणे जितके सोपे, तितके ती मागणारे वाढतात. पाकिटातून कार्ड काढायला वेळ लागतो, म्हणून दुकानदार उगाच विचारत नाही. एका स्पर्शात काम होऊ लागले, तर संकेतस्थळेही विचारू लागतील. २०२५ मध्ये अनेक संस्था व तज्ज्ञांनी, ओळखपत्राने ‘घरी फोन’ करू नये, म्हणजे आपल्या वापराची खबर सरकारी कचेरीला देऊ नये, असे संयुक्त आवाहन केले. १९३९ चे तीन उद्देश आणि १९५० च्या ३९ यंत्रणा आठवल्या, की हा इशारा अतिरंजित वाटत नाही.

२७/ भारतात हा प्रवास वेगाने झाला. १ जुलै २०१५ रोजी डिजिलॉकरचे उद्घाटन झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवले, की डिजिलॉकर वा एमपरिवहन अ‍ॅपमधील परवाना मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरावा. घरी राहिलेल्या परवान्यापायी होणारा दंड आणि त्यावरून रस्त्यावर होणारी घासाघीस यांतून कोट्यवधी चालकांना वाट मिळाली. ही सोय कमी लेखण्याचे कारण नाही.

२८/ १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. कागदपत्रांची तपासणी झाली, की तिची तारीख, वेळ आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवावी, अशी तरतूद आली. हेतू चांगला : एकाच वाहनाला वारंवार अडवून त्रास दिला जाऊ नये आणि अधिकारीही उत्तरदायी राहावा. पण दुसऱ्या बाजूने पाहिले, तर कागद मुका असल्यामुळे जी भेट पूर्वी हवेत विरून जाई, तिला आता तारीख-वेळेसह दफ्तरात जागा मिळाली. एकाच नोंदीत संरक्षणही आहे आणि पाळतीची शक्यताही.

२९/ आणि दफ्तराचा स्वभाव येथेही तोच दिसला. ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या राष्ट्रीय नोंदींतील माहिती शुल्क घेऊन देण्याचे धोरण मार्च २०१९ मध्ये आले. त्या वर्षी जुलैमध्ये सरकारने संसदेला सांगितले, की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी यंत्रणांना या नोंदी उपलब्ध करून देण्यात आल्या असून त्यांतून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले. खासगीपणाच्या व गैरवापराच्या चिंतेमुळे जून २०२० मध्ये हे धोरण मागे घेण्यात आले. मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले होते, की दिल्लीच्या दंगलीतील चेहरे ओळखण्यासाठी वाहनपरवान्यांची माहितीही वापरली गेली.

३०/ या सर्वांना मोजण्याची पट्टी भारताकडे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. या हक्कावर मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदाही झाला. त्यात शासनयंत्रणांना सवलत देण्याची मोठी मुभा आहे. म्हणूनच वाहनपरवान्यासारख्या साध्या दस्तऐवजाला ही पट्टी लावून पाहणे अगत्याचे ठरते.

३१/ ती लावली, की प्रश्न नेमके होतात. परवाना दाखवताना फोन चालकाच्या हातातच राहील का? कलम १३० परवाना तपासण्याचा अधिकार देते. फोनचा उल्लेख तेथे नाही. तपासणीची नोंद किती काळ राहील, ती कोण पाहू शकेल आणि ती केव्हा पुसली जाईल? गाडी चालवण्यासाठी दिलेली माहिती अन्य कामासाठी वापरायची, तर कोणाची परवानगी लागेल? आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्याला तो दाखवायचा नाही, त्याच्यासाठी साधे कार्ड पुढेही तितक्याच सन्मानाने चालेल का?

३२/ विलकॉक यांचे डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या नॅशनल लिबरल क्लबमध्ये एका वादसभेत बोलत असतानाच निधन झाले. ओळखपत्राची सक्ती संपून तेव्हा जेमतेम दहा महिने झाले होते. वेगमर्यादेच्या गुन्ह्यात त्यांना दंड झाला होता आणि अपीलही ते हरले होते. त्यांचा आक्षेप कायद्याला नव्हता. एका कामासाठी दिलेला कागद दुसऱ्याच कामासाठी, सवयीने मागितला जाण्याला होता. त्या आक्षेपाला तेव्हा कागदाच्या मुकेपणाची साथ होती. परवाना फोनमध्ये गेल्यावर ती साथ आपोआप मिळणार नाही. ती नियमांत शब्दाशब्दाने लिहून घ्यावी लागेल, आणि ते काम दफ्तर पुरते भरण्याआधी करावे लागेल. ■